खिडकीतली सीडी

२००२ साल. मी एकोणसाठ वर्षांचा. शिक्षण चौथी, पण कसब्यात लग्नपत्रिकांचं दुकान माझं स्वतःचं. संगणकाचं डिस्प्ले कार्ड जळलं, म्हणून नवं मीच बसवलं. तर पडद्यावरची अक्षरं ढब्बू झाली आणि लेकीच्या पत्रिकेवरचे बुद्ध हिरवेजांभळे दिसायला लागले. संध्याकाळी व्याही पत्रिका बघायला येणार होते. लेकीची पत्रिका दुसऱ्याच्या मशीनवर करणं मला मान्य नव्हतं.

माझी खटपट बघून समोरच्या पत्रिकावाल्या बाई आपणहून आल्या. धंद्यावरून आमचं बोलणं बेताचंच होतं.

"काका, कार्डासोबतची सीडी कुठंय? त्यात ड्रायव्हर असतो, कार्ड चालवणारा प्रोग्राम. तो घातल्याशिवाय रंग येणार नाहीत."

मी खिडकीकडं बोट केलं. कबुतरं येऊ नयेत म्हणून ती दोरीला टांगली होती.

"वा! कबुतरांची सोय आधी!" म्हणत बाईंनी ती सोडवली, पदरानं पुसून आत घातली. पडदा क्षणभर काळा झाला आणि बुद्धांचा चेहरा उजळला.

व्याह्यांनी पत्रिका वाखाणली. त्या बाईंचे उपकार मी आजही मानतो, पण तेव्हा तोंडानं बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडं भवानीचं गिऱ्हाईक आलं, त्याला मी स्वतः बाईंच्या दुकानात पोचवून आलो.