मुलाची शिक्षा पूर्ण झाली आहे

नाशिकहून मुलीच्या वडिलांचा फोन होता. मुलाला शिक्षा कशाबद्दल झाली, असं ते विचारत होते.

“कॉमर्समध्ये,” जाधवकाकू म्हणाल्या.

ग्वाल्हेरच्या दाना ओलीत काकू मराठी वधू-वर सूचक मंडळ चालवतात. वेबसाइट मी सांभाळते. या वेळचं स्थळ खुद्द त्यांच्या मुलाचं, रोहितचं होतं. तो पस्तिशीला टेकलेला, आणि ग्वाल्हेर म्हटलं की महाराष्ट्रातले लोक फोन ठेवतात. नाशिकवाल्यांनी ठेवला नव्हता, म्हणून काकू देव पाण्यात घालून बसल्या होत्या.

परिचय लिहून त्यांचा हात दुखायचा, म्हणून मी त्यांना बुकमार्कलेट करून दिलं होतं. ब्राउझरच्या बुकमार्कमध्ये एरवी साइटचा पत्ता असतो, यात छोटासा प्रोग्राम असतो. स्थळाचं पान उघडून क्लिक केलं की तो माहिती उचलतो, परिच्छेद तयार करतो आणि क्लिपबोर्डवर ठेवतो. कॉपी केलेला मजकूर पेस्ट होईपर्यंत थांबतो ती जागा म्हणजे क्लिपबोर्ड. तिथून व्हॉट्सॲपवर पेस्ट केलं की काम झालं. वाक्यं काकूंनी सांगितली, मी टाइप केली. दोघी जन्मापासून ग्वाल्हेरच्या, काहीच खटकलं नाही.

फोन स्पीकरवर होता. “किती वर्षं?”

“पाच. मधे एक वर्ष घरी होता.”

“सोडलं होतं का?”

“नाही हो, कावीळ झाली होती. मग आपणहून परत गेला.”

“आणि तुम्हा दोघांनाही?”

“आमची तर इथेच झाली, लश्कर भागात. आमच्या खानदानात बिना शिक्षेचं कोणीच नाही, भाऊसाहेब.”

काय पाठवलं ते बघायला मी घाईघाईने बुकमार्कलेट चालवून मजकूर पेस्ट केला. ‘मुलाची शिक्षा पूर्ण झाली आहे. आईवडिलांचीही शिक्षा झालेली आहे. कुटुंब सुसंस्कृत.’ मराठीतली शिक्षा वेगळी, हे तेव्हा लक्षात आलं. मी फोन हिसकावला आणि सांगितलं की आमच्याकडे हिंदीच्या सवयीने शिक्षणाला शिक्षा म्हणतात.

“म्हणजे एम.कॉम.?”

“हो काका.”

“मग तसं लिहायचं ना. आमच्या हिने कालपासून अन्नाला हात लावलेला नाही.”

रविवारी येतो म्हणाले. मी बुकमार्कलेटच्या साच्यात ‘शिक्षा’चं ‘शिक्षण’ केलं. काकू मात्र कपाळाला हात लावून बसल्या, कारण हाच परिचय त्यांनी आणखी बऱ्याच घरी पाठवला होता. सगळ्यांची माफी मागायची म्हणून आम्ही त्यांची उत्तरं उघडली. शिक्षेबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. सगळ्यांनी एकच विचारलं होतं, पॅकेज किती?

“मीनल, राहू दे माफी,” काकू म्हणाल्या. “वाचणारं घर तर एकच निघालं.”

रोहितचं लग्न त्याच घरी झालं. तेव्हापासून मी कुठलाही मजकूर कोणीतरी वाचेल असं धरून तपासते. क्वचित वाचतातही.