सोसायटीचा कागद

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळत आलो. अर्नाळ्याला सुट्टीवर आलो की कुणी ना कुणी विचारायचं, "बाबांनी तुम्हांला नेव्हीत सोडलं कसं?" माझं उत्तर ठरलेलं असायचं: "आनंदानं सोडलं." आता त्र्याहत्तर वर्षांचा झालो आहे. ते उत्तर खोटं होतं. गावात मागे राहिलेल्यांना हे कळायला हवं आणि माझ्यावर विसंबून ज्यांनी आपली मुलं पाठवली त्यांनाही, म्हणून लिहितो आहे.

निघालो ती सकाळ लख्ख आठवते. कोळीवाड्यापासून एसटीच्या थांब्यापर्यंत माझी लोखंडी ट्रंक बाबांनी खांद्यावरून आणली. मी दोनदा मागितली, त्यांनी दिली नाही. आई दारातूनच मागे फिरली होती. वाटेत बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते आणि तिथल्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. एकीनं विचारलं, "पोराला कवा आनतोस परत?" बाबा म्हणाले, "सरकारला इचार." बायका हसल्या. मी हसलो नाही.

ट्रंक गाडीत चढवून ते माझ्या खिडकीखाली उभे राहिले. वर न बघता म्हणाले, "तू शिकलेला हाईस. कुटंबी सही करशील तवा आदी वाच."

एवढंच. गाडी आगाशीच्या रस्त्याला लागली तरी माझी मान वर होईना. त्यांना सगळं कळलं आहे, हे मला त्या एका वाक्यात समजलं होतं.

झालं होतं असं. मी तेव्हा साडेसोळा वर्षांचा होतो. भरतीच्या अर्जाला पालकाची संमती लागायची आणि बाबांनी एकदा सोडून तीनदा "नाय" म्हटलं होतं. कारणही साधं होतं. आमची डोलीची मासेमारी. समुद्रात रोवलेल्या खुंटांना जाळं बांधायचं, तर आधी ते खुंट सापडायला हवेत. त्यासाठी किनाऱ्यावरचा एक ताड आणि किल्ल्याचा बुरूज एका रेषेत आला की नाही ते लांबून दिसावं लागतं. बाबांना चाळिशीतच लांबचं धुरकट दिसू लागलं होतं. होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, मी उभा राहायचो, "आला, बाबा" म्हणायचो आणि ते सुकाणू फिरवायचे. हे आम्हां दोघांखेरीज फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. गावात त्यांचं तांडेल म्हणून नाव होतं, ते अर्धं माझ्या डोळ्यांवर होतं.

मी ते जाणून होतो, आणि तरीही एका दुपारी अर्ज घेऊन त्यांच्यासमोर बसलो. आमच्याकडे चाल अशी, की घरातलं जे पोर शाळेत जातं त्यानं मच्छीमार सोसायटीचे कागद आणायचे, बोट ठेवून जागा दाखवायची आणि बापानं अंगठा द्यायचा. वाचून दाखव, असं कुणी म्हणत नसे. पोटच्या पोराला तसं म्हणणं अपमानाचं वाटायचं.

"कसला कागद हाय?" त्यांनी विचारलं.

"सोसायटीचा."

"मंग आन."

मी शाईचा पॅड पुढे केला. त्यांनी अंगठा उठवला आणि लुंगीला पुसून पुन्हा जाळ्याला बसले.

दोन महिन्यांनी खाकी लिफाफा आला तो पोस्टमननं त्यांच्याच हातात दिला. त्यांनी तो आमच्या गुरुजींकडून वाचून घेतला. गुरुजींनी मला नंतर सांगितलं, "मी म्हटलं, अहो, संमती तुमचीच आहे, अंगठा आहे तुमचा. तर तुझे बाबा म्हणाले, हा, दिला मी." घरी येऊन त्यांनी लिफाफा देवाजवळ ठेवला. त्या दिवशी नाही आणि त्यानंतरही कधी मला त्याबद्दल विचारलं नाही.

मग विशाखापट्टणम. तिथंही समुद्र होता, पण सूर्य त्यातून उगवायचा. आमच्याकडे तो समुद्रात बुडतो. कित्येक दिवस मला सकाळ उलटी वाटत राहिली. मेडिकलमध्ये डॉक्टरांनी डोळे तपासले आणि म्हणाले, "नजर एकदम बढिया." मला सिग्नलमनची शाखा मिळाली. लांबच्या जहाजावरचे झेंडे वाचायचे आणि ते काय सांगतात ते ब्रिजवर ओरडून कळवायचं. पंधरा वर्षं मी ते काम केलं. माझी नजर चुकली नाही, म्हणून शाबासकीही मिळवली. ती नजर कुणाच्या होडीवरून आणली होती, हे मी कुणाला सांगणार?

मी गेल्यावर बाबांनी दोन हंगाम काढले. माझा भाऊ हरेश्वर तेव्हा सहा वर्षांचा. दोनदा खुंट सापडले नाहीत, एकदा होडी दुसऱ्याच्या जाळ्यात गेली आणि भांडण झालं. मग त्यांनी होडी विकली आणि दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागले. कालचा तांडेल आज दुसऱ्याच्या हुकमावर दोर ओढतो, हे कोळीवाड्यात काय असतं ते बाहेरच्याला सांगून समजायचं नाही. आईनं पत्रात लिहवून घेतलं होतं, "होडी काढली. तू काळजी करू नको." एवढी एकच ओळ होती.

नेव्हीतून सुटल्यावर विशाखापट्टणमलाच गोदीत नोकरी धरली, तिथंच घर बांधलं. नातवंडं मला तातय्या म्हणतात आणि आपसात तेलुगूत भांडतात. पण सुट्टीत अर्नाळ्याला यायचो ते साहेब होऊन. अंगणात खुर्च्या टाकल्या जायच्या. आगाशीचे बागाईतदार यायचे, गासचे शेतकरी यायचे, पाचूबंदरचा एकजण मुलाला घेऊन आला तो आधी हेच विचारायला, की रविवारी चर्चमधली मिस्सा चुकणार नाही ना. विरारच्या फ्लॅटमधले आईबाप फाईल घेऊन यायचे: "सर, पंधरा वर्षांनंतर पुढे स्कोप काय?" आमच्या शेजारची मावशी तर नातवासाठी आली आणि माझीच उलटतपासणी घेऊन गेली.

"जाजावर येवढी मानसं. मासली कोन काढतं?"

"कुणी नाही, मावशी. मासळी बाजारातून येते."

"मंग दर्यात जाऊन करता काय तुमी?"

सगळं अंगण हसलं. मीही हसलो आणि मग माझं नेहमीचं सुरू केलं: आईवडिलांनी मन मोठं करावं, माझ्या बाबांनी केलं तसं. निघताना त्यांनी मला काय सांगितलं माहीत आहे? सही करण्याआधी वाच. न शिकलेला माणूस, पण केवढं शहाणपण. लोक माना डोलवायचे. बाबा पडवीत जाळं विणत असायचे. त्यांच्या कानावर हे पडत होतं. कुणी त्यांना विचारलं, "खरं काय हो?" तर म्हणायचे, "हा, मीच आंगठा दिला." किती मुलं त्या अंगणातून गेली ते मी मोजलं नाही. बहुतेकांचं भलं झालं. पण त्यांच्या आईबापांना मी जो बाप दाखवला तो खरा नव्हता.

या वर्षी हरेश्वरच्या मुलानं, नीलेशनं, मला बोलावून घेतलं. त्याची मुलगी साक्षी अग्निवीर म्हणून नेव्हीत जायचं म्हणते. अठरा पूर्ण व्हायला चार महिने होते, म्हणून सही हवी होती. नीलेश माणिकपूरला एका ऑफिसात आहे, शांत माणूस. घरात तीन दिवस कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

"आप्पा आजोबा, तुम्ही सांगा ना पप्पांना," साक्षी म्हणाली. "तुमचं ऐकतात ते. नाहीतर मी काय, मम्मीची सही घेऊन टाकीन."

"घे की," नीलेश म्हणाला. "माझी कशाला पाहिजे मग?"

मग तो माझ्याकडे वळला. "आप्पा, मला एक सांगा. आजोबा अंगठेबहाद्दर, दर्यावरचा माणूस, त्यांनी तुम्हांला हसत पाठवलं. लहानपणापासून हेच ऐकतोय. मला का जमत नाही? तीन दिवस झोप नाही मला. बाप म्हणून मी एवढा कमी आहे का?"

माझं खोटं एवढी वर्षं नुसतं पडून राहिलेलं नव्हतं. ते या पोराला त्याच्या आजोबांशेजारी उभं करून त्याची उंची मोजत होतं.

मी त्याला सांगितलं. ताड, बुरूज, सोसायटी, अंगठा, होडी, सगळं. हरेश्वर दारात उभा राहून ऐकत होता. होडी का गेली हे त्याला साठी उलटल्यावर कळत होतं. तो चप्पल घालून किनाऱ्याकडे निघून गेला. साक्षीनं हातातला फोन खाली ठेवला.

मग नीलेश तिला म्हणाला, "आण तो फॉर्म. वाचून दाखव मला. पहिल्यापासून."

"पप्पा, तुम्हांला वाचता येतं."

"तू वाच."

तिनं वाचला. चार वर्षं म्हणजे काय, नंतर काय, जखमी झालं तर काय, तो मध्येमध्ये विचारत राहिला. तिला जे सांगता आलं नाही ते मी सांगितलं, आणि मलाही ठाऊक नव्हतं तिथं ठाऊक नाही म्हटलं. त्या दिवशी त्यानं सही केली नाही. चौथ्या दिवशी केली. म्हणाला, "मला हे आवडलेलं नाही. तू हे ऐकून जा." ती "हो" म्हणाली आणि त्याच्याजवळ जाऊन बसली.

मी परत विशाखापट्टणमला आलो आहे. हरेश्वर अजून फोनवर येत नाही, नीलेशच बोलतो. घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी अजून अर्नाळाच सांगतो, पण आता सांगताना थोडा अडखळतो. जिथं आपल्याला सगळे ओळखतात ते घर, असं मी समजायचो. आमच्या घरात मला खऱ्या अर्थानं एकच माणूस ओळखत होता आणि त्यानं मला कुणासमोर उघडं पाडलं नाही.

बाबांच्या शेवटच्या वर्षांत मी सुट्टीला आलो की पडवीत त्यांच्याजवळ बसायचो. डोळे जवळजवळ गेले होते, बोटांनी चाचपून जाळं विणायचे. तीन-चारदा मी सुरुवात केली, "बाबा, तो कागद..." ते म्हणायचे, "जेवलास का?" किंवा "ते टोक धर जरा." मी टोक धरायचो. खरं तर मला तेवढंच हवं असायचं. ते गेले तेव्हा मी दूर होतो, पोचलो ते दहाव्याला.

चौथ्यांदा विचारलं असतं तर त्यांनी कदाचित हो म्हटलं असतं. चौथ्या दिवशी, कुरकुरत, होडीकडे बघत. कदाचित नसतंही म्हटलं. जे काही म्हटलं असतं ते त्यांचं असतं आणि मी ते त्यांना म्हणूच दिलं नाही. गावात कुणाला दोष द्यायचा असेल तर तो मला द्या. आणि बाबा, तुझ्याशी शेवटचं आपल्या घरच्या बोलीत बोलतो: तो कागद सोसायटीचा नव्हता. तुला वाचता येत नाय, हे मना ठाव होतं, म्हनून मी तो तुज्यासमोर ठेवला. तू परत नाय बोलला असतास तर मी थांबलो असतो का, ते मना आजबी सांगता येत नाय. पन तुला परत इचारायला पायजे होतं. माज्याकडून चुकलं, बाबा.