तांबूची पिल्लं आणि पडवीतली शाळा

महाडजवळच्या नाते गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात एक लहानशी वाडी आहे. तिथल्या तुळसा उतेकरच्या पडवीत सकाळी कुणी डोकावलं तर त्याला वाटावं, घरात लग्न आहे. एक जण वालाच्या शेंगा सोलत पाढे म्हणतोय, भिंतीवर रंगवलेल्या काळ्या चौकोनावर दुसरी गणित सोडवतेय, आणि सगळ्यात धाकटं पाटी छातीशी धरून उताणं पडलंय. मुलं सहा. चार तुळसाची, दोन तिच्या दिराची. दीर-जाऊ मुंबईत कामाला, तिथली खोली एवढीशी, म्हणून त्यांची मुलं गावीच वाढत होती.

तुळसाने लग्नाआधी डी.एड. केलं होतं, पण नोकरी काही लागली नाही. वाडीतली शाळा पटसंख्येअभावी बंद झाली तेव्हा मुलं ओढा ओलांडून खालच्या शाळेत जायला लागली. एका श्रावणात ओढा असा फुगला की मुलं पलीकडच्या देवळात अडकून पडली. तुळसाच्या नवऱ्याने, अनिलने, दोर बांधून एकेकाला अलीकडे आणलं. त्यानंतर तुळसाने मुलांना घरीच शिकवायला घेतलं. पावसाळा सरला की पुन्हा पाठवू, असं ती म्हणाली होती. पावसाळा सरला, पण तोवर मुलं रमली होती, आणि तिचं तिलाही कळून चुकलं होतं की हे काम आपल्याला जमतं. सासरे भागोजी अधूनमधून कुरकुरायचे, "गो, लोक काय म्हनतील?" लोक म्हणायचेही, पण म्हणून म्हणून थकले.

अनिल महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जायचा. कारखान्याच्या फाटकाशी एक तांबडी कुत्री त्याच्या डब्यातल्या भाकरीवर राहायची. तिचे दिवस भरत आलेले पाहून एक दिवस त्याने तिला मोटारसायकलच्या टाकीवर बसवलं आणि घरी आणलं. मुलांनी तिचं नाव ठेवलं तांबू. थोड्याच दिवसांत गोठ्यातल्या पेंढ्यात तिला पाच पिल्लं झाली.

पिल्लांचे डोळे नुकते उघडले होते, तेव्हाची गोष्ट. तिन्हीसांजेला तांबू परसात गेली ती परत आलीच नाही. सकाळी भागोजींना बांधावर रक्त दिसलं आणि चिखलात बिबट्याचे पंजे. ते गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले.

"वाघरानं नेली. आता आयशीबिगार ही पिल्लां जगायची नायत, तुळसा. पोरांना लळा लावू नको."

तुळसालाही मनातून तसंच वाटत होतं. पण ती वळली तेव्हा थोरल्या सेजलने पिल्लं बांबूच्या डालग्यात घेऊन त्यांच्याखाली आजोबांचं जुनं धोतर अंथरलंसुद्धा होतं. सहाही मुलं तुळसाच्या तोंडाकडे बघत होती. तुळसाने महाडच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं नीट सांगितलं. शेळीचं दूध कोमट करून द्या, थोडं थोडं, दिवसातून पुष्कळदा. अंगाला ऊब पाहिजे. पाजून झालं की ओल्या फडक्याने पोटाखालून पुसा, आई चाटते तसं, म्हणजे शी-शू होईल. आणि एक गोष्ट विसरू नका: पिल्लाला पालथं ठेवूनच पाजा. उताणं धरलं तर दूध छातीत जातं.

दुसऱ्या दिवसापासून पडवीतल्या शाळेचं वेळापत्रक पिल्लांनी ठरवलं. पाजायची वेळ झाली की व्याकरण तिथेच थांबायचं. मुलं गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळायची, वाण्याकडून आणलेल्या तराजूत पिल्लं घालायची आणि कुणाचं वजन वाढलं यावरून भांडायची. दशांश चिन्ह कुठे द्यायचं हे सेजलच्या पाठच्या ओंकारच्या डोक्यात वर्षभर शिरत नव्हतं, ते त्या आठवड्यात वजनं किलोत लिहिताना शिरलं.

ओंकार दहा वर्षांचा, स्वभावाने उतावळा. एका दुपारी अंगणात क्रिकेट मांडलं होतं आणि पाजायची पाळी नेमकी त्याची आली. त्याने सगळ्यात अशक्त पिल्लू बाळासारखं उताणं मांडीवर घेतलं आणि ड्रॉपर दाबला. पिल्लू ठसकलं. त्याने घाईघाईने तोंड पुसून ते डालग्यात ठेवलं आणि तो पळाला. सकाळी पिल्लाच्या छातीत घुरघुर ऐकू येत होती. दुपारपर्यंत ते गेलं.

ओंकार गोठ्यामागे जाऊन बसला. जेवायला हाक मारली तरी आला नाही. शेवटी तुळसाच तिकडे गेली.

"माज्यामुळं मेलं ना?" त्याने मान वर न करता विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. शब्द तुळसाच्या ओठांवर आलाही होता. पण पडवीत बसून ती रोज त्याला खरं काय ते शिकवत होती. गोठ्यामागे वेगळं कसं शिकवणार?

"होय," ती म्हणाली. "घाई झाली तुझी. दूध छातीत गेलं."

तो हुंदके द्यायला लागला. तिने रडू दिलं. मग आत जाऊन दुसरं पिल्लू आणि दुधाची वाटी घेऊन आली.

"मी नाय पाजणार."

"याला भूक लागलीय. ते तुझ्यावर रुसून थोडंच बसलंय?"

तिने पिल्लू त्याच्या मांडीवर पालथं ठेवलं, त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून थेंब थेंब करत त्याला पाजलं. पुढचे कितीतरी दिवस ओंकार पाजताना कुणाशी बोलायचा नाही.

उरलेली चार जगली. हिंडायला लागल्यावर त्यांनी चपला फाडल्या, भारताच्या नकाशातलं गुजरात खाल्लं, आणि भागोजींच्या घोंगडीत झोपायचा हक्क मिळवला. एक घराला ठेवून बाकीची द्यायची ठरली. ते काम सेजलने अंगावर घेतलं. वडिलांच्या मागे मोटारसायकलवर बसून ती नात्याला गेली, घरं पाहिली, माणसं पाहिली आणि मगच पिल्लं दिली. एक पिल्लू अनुष्का नावाच्या तिच्याच वयाच्या मुलीने घेतलं. ते बरं आहे ना हे बघायला सेजल दर आठवड्याला जायला लागली. पुढे पुढे पिल्लाची चौकशी अंगणातच उरकायची आणि ती दोन-दोन तास तिथे रमायची.

वैशाखात मायलेकी शेतात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, पाला पसरत होत्या. सेजल मध्येच थांबली.

"आई, जूनपासून मी नात्याच्या शाळेत जाऊ?"

तुळसाच्या हातातला भारा खाली आला. "का गो? माझं काय कमी पडलं?"

"तुझं काय नाय कमी पडलं. पण अनुष्काला रस्त्यानं चालताना किती जणी हाका मारतात. मला घराबाहेर कोण ओळखतच नाय."

दोन दिवस तुळसा घरात तुटक वागली, भाजीत मीठ जास्त पडलं तरी कुणी चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी अनिल पाळीवरून आला तेव्हा तिने सगळं सांगितलं.

"पोरीनं तोंडावर इचारलं ना? लपवलं तर नाय?" त्याने विचारलं.

"नाय."

"मग चांगलं शिकवलंस की."

"आणि ओढा?"

"पाणी असेल तेव्हा अनुष्काच्या घरी राहील. तिची आई मागंच बोललेय मला."

जूनमध्ये तुळसा स्वतः सेजलला घेऊन शाळेत गेली. मुख्याध्यापक बाईंनी मुलीला बसवून वाचायला लावलं, गणितं घातली आणि वयाप्रमाणे आठवीत घेतलं. घरी परत येताना तुळसा ओढ्याच्या काठावर थोडा वेळ बसली. तिला वाईट वाटत होतं. हायसंही वाटत होतं. मग पडवीत पाच जण वाट बघत असतील म्हणून ती उठली.

संध्याकाळी सेजल घरी आली ती हसतच.

"गणित सगळं येत होतं. पण प्रार्थनेला रांगेत कुठं उभं राहायचं तेच कळेना. मी आपली सातवीच्या मुलांत."

"मग?"

"अनुष्कानं हात धरून ओढलं."

तुळसाने तिच्यापुढे भाकरी आणि वालाचं बिरडं ठेवलं. सेजल दिवसभराचं सगळं सांगत जेवली, आणि तुळसा चूल विझेपर्यंत ऐकत बसली.