दादाची हवेवरची गाडी

आमच्या घरात तोंडाआधी हात चालतो. लहानपणी दादानं मला बेअरिंग फेकून मारलं, त्याची खूण अजून भुवईत आहे. मी त्याच्या दंडाला असा चावलो होतो की सेनगावच्या दवाखान्यात टाके घालावे लागले. बाप जीप चालवायचा आणि आम्हा दोघांना फॅनबेल्टनं हाणायचा. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर आम्ही भाऊ गाडीच्या स्प्रिंगांवरून एकमेकांच्या जिवावर उठलो, याचं गावाला काही नवल वाटलं नाही.

दादा बापाच्या जीपवरून ठेकेदारीपर्यंत पोचला आणि त्यानं पुण्याहून एक वापरलेली विलायती गाडी आणली. डोंगर चढेल अशी दांडगी, पण आत बसलेल्याच्या कपातला चहा हलायचा नाही. तिच्याखाली स्प्रिंगाच नव्हत्या. चारी चाकांवर रबराचे हवेनं भरलेले फुगे होते. एक बटन दाबलं की गाडी चार-सहा बोटं वर यायची, दुसरं दाबलं की खाली बसायची. कनेरगाव नाक्यावर धाब्यापुढं दादा ती उगाचच वर-खाली करून दाखवायचा आणि लोक जेवण सोडून बघायचे. तिथंच माझं डोकं फिरायचं.

नाक्यावर माझं गॅरेज आहे. दीड वर्षात पुढचा उजवा फुगा चिरला. रोज सकाळी गाडी एका गुडघ्यावर बसलेली दिसायला लागली.

"दादा, काढून टाक हे फुगे," मी म्हणालो. "लोखंडी स्प्रिंगा बसवून देतो. आपल्या रस्त्यानं खडी उडती, चिखल घुसतो, रबर किती दिवस टिकंल? स्प्रिंग आदळती, पण घरी आणून सोडती."

"स्प्रिंगावरच बसायचं असतं तर बापाची जीप काहून विकली असती म्या? वीस वर्सं कंबर आपटून घेतली. आता न्हाई."

बोलणं त्याचंही बराबर होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. मी म्हणालो, तुला कंबर नाही, मिरवणं पाहिजे. त्यानं माझी मान धरून बॉनेटवर आपटली. मी पाना त्याच्या गुडघ्यावर ठेवून दिला. गिऱ्हाइकांनी आम्हाला ओढून वेगळं केलं.

दादा लंगडत गेला आणि नांदेडहून नवा फुगा बसवून आला. सख्खा भाऊ मिस्त्री असताना! तो अपमान मी महिनाभर चघळत होतो, आणि मग दसरा आला.

दसऱ्याला लोक गाडीच्या तोंडाला हार घालतात. आमच्या घरची रीत वेगळी. बाप उताणा होऊन जीपखाली शिरायचा आणि तिच्या स्प्रिंगांना, म्हणजे कमानपाट्यांना, कुंकू लावायचा. "वझं ते उचलतेत, मंग कुंकू तोंडाला काहून?" असं म्हणायचा. दादाच्या गाडीला पाटे नव्हते, म्हणून त्यानं फुग्यालाच कुंकू लावायचं ठरवलं. इंजिन चालू ठेवून गाडी पुरती उंच केली, पुढच्या उजव्या चाकाशी उकिडवा बसला आणि चाक नि मडगार्ड यांच्या फटीतून हात आत घातला. वहिनी पितळी ताट घेऊन शेजारी उभी होती. शेजारपाजारचे जमले होते. त्यांना ऐकू जाईल असं दादा म्हणाला, "फुगा नांदेडात बसवला बरं का. आमच्या भावाला हातोड्याबिगर काही कळत न्हाई."

लोक हसले. मी गाडीत चढलो, दार आपटलं आणि खाली जायचं बटन दाबलं.

गाडी गुपचूप बसली. मग दादाचा आवाज आला. असा आवाज माणसाच्या गळ्यातून निघतो हे मला माहीत नव्हतं. मी वर जायचं बटन दाबलं. ही गाडी उतरते झटकन, पण चढते सावकाश, कारण आधी पंपाला हवा भरावी लागते. पंप घुरघुरत राहिला आणि दादा ओरडत राहिला. वहिनीनं उघड्या खिडकीतून माझे केस धरले आणि ताट माझ्या तोंडावर हाणलं. परत हाणलं. ओठ फाटला, एक दात गेला. मी बटन सोडलं नाही.

मला दिसलं नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. जॅक सरकला, असं दादानं डॉक्टरांना सांगितलं. दोन्ही खोटं. खिडकी उघडी होती आणि त्याचा हात कोपरापर्यंत आत आहे, हे मी बघत होतो. नुसता घाबरवायचा विचार होता का? आज मला तेही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

दादाच्या उजव्या हाताच्या हाडाला दोन लोखंडी पट्ट्या घातल्या. मूठ वळेना. घरी आणल्यावर दादा मला पहिलं वाक्य बोलला, "जिंकलास लेका. टाक तुझ्या स्प्रिंगा."

मी टाकल्या. इतकं चोख काम मी जन्मात केलं नव्हतं. पंधरा दिवसांनी त्याच गाडीतून त्याला तपासणीला नांदेडला न्यायला निघालो. कळमनुरीच्या अलीकडंच त्यानं गळ्यातला रुमाल दातात धरला. स्प्रिंगा आपलं काम नीट करत होत्या. प्रत्येक खड्ड्याला गाडी सावरायची आणि दादाचा हात हादरायचा. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला त्यानं शिव्या द्यायला हव्या होत्या.

"भाऊजी, हळू हाना, न्हाई तर मी उडी टाकते," वहिनी मागून ओरडली. मी आधीच बैलगाडीच्या चालीनं चाललो होतो.

परत आल्या आल्या मी स्प्रिंगा खोलल्या, गॅरेजमागच्या नाल्यात फेकल्या आणि फुगे होते तसे बसवले. बसवताना माझं बोट चेचलं. मला बरं वाटलं.

यंदाच्या दसऱ्याला दादानं गाडी उंच केली आणि मला हाक मारली.

"आत बस."

"न्हाई दादा."

"बस म्हणून राहिलो ना. बटनापाशी बस."

मी बसलो. त्यानं डाव्या हाताच्या बोटांवर कुंकू घेतलं, त्याच चाकाशी उकिडवा बसला आणि माझ्याकडं न बघता चांगला हात कोपरापर्यंत आत घातला. वहिनी ताट धरून खिडकीशी येऊन उभी राहिली. कुंकू लावायला असा किती वेळ लागतो? तो आत बोटं फिरवतच होता. मी दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून, अंगाचा सगळा भार त्यांच्यावर टाकून बसलो.

"झालं. उतर आता," शेवटी दादा म्हणाला.

मला दार उघडता येईना. दोन्ही हात बधिर झाले होते.