रेशमाच्या काउंटरवर मैमुना

मैमुना एकोणीस वर्षं जळकोटात माणिकप्पांच्या कापडदुकानात साड्या दाखवत होती. गावातल्या निम्म्या नवऱ्या मुलींच्या हळदीच्या साड्या तिच्याच हातनं उलगडलेल्या. रेशमी कपाटाला मात्र तिचा हात कधी लागला नव्हता. त्याची किल्ली माणिकप्पांच्या कमरेला. शालू, पैठणी काय ते मालक स्वतः दाखवणार आणि मैमुनानं तोवर गिऱ्हाइकांना चहा सांगायचा.

डिसेंबरच्या तीन तारखेला, मंगळवारी, ती इंग्रजी शिकायला माझ्याकडं आली. सोलापुरातल्या एका मोठ्या शोरूमला रेशमाच्या काउंटरवर अनुभवी बाई हवी होती. मुलाखतीत दोन-चार प्रश्न इंग्रजीतून विचारतात, एवढी चौकशी तिच्या लेकीनं, युसरानं, करून ठेवली होती.

“पगार थोडा जास्त हाय, पण त्याच्यासाठी न्हाय बाई,” मैमुना म्हणाली. “एकदा तरी रेशीम माझ्या हातानं दाखवायचंय.”

चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळं मला हे काम सोपं वाटलं. दुकानात उपयोगी पडतील असे शब्द काढले आणि पहिलाच घेतला ‘सेटल ऑन’. म्हटलं, डिसाइड म्हणजे ठरवणं. सेटल ऑन म्हणजे पुष्कळ पाहून, मन इकडंतिकडं फिरवून, शेवटी एका गोष्टीवर येऊन थांबणं. उदाहरणं कॉन्व्हेंटात आमच्या सिस्टरांनी आम्हाला दिलेलीच दिली, सहलीची तारीख आणि बागेतल्या गुलाबाचा रंग. मैमुनानं सगळं वहीत उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, “म्हंजे कटाळून घेतलं, असंच ना?” तसं नव्हे, एवढं मी सांगू शकले. मग कसं, ते मात्र मला नीट सांगता येईना.

रविवारी तिनंच मला दुकानात बोलावलं. शिवरंजनी नावाच्या मुलीच्या लग्नाचा बस्ता होता. दोन्हीकडची मिळून सतरा माणसं गादीवर बसलेली आणि समोर चाळीसेक साड्यांचा ढीग. मुलीच्या आत्याला मोरपंखी हवी होती, चुलतीला लाल. नवऱ्या मुलाची आई ‘तुमची आवड तीच आमची’ म्हणत होती आणि प्रत्येक साडीला तोंड फिरवत होती. शिवरंजनी म्हणत होती, कुठलीही चालेल.

मैमुनानं कुणाला काहीच विचारलं नाही. गप्पा मारत मारत ती साड्यांच्या घड्या घालायला लागली. लाल गेली. आत्याबाई बोलत होत्या तरी मोरपंखी गेली. मग तिनं जांभळ्या काठाची एक हळदी साडी घडी घालायला उचलली, तसा शिवरंजनीचा हात आपसूक तिच्या पदरावर पडला. “ही राहू द्या ना,” ती म्हणाली.

मैमुना तिथूनच मला म्हणाली, “बाई, शी सेटल्ड ऑन धिस. आता आत्याबाईंनी कायबी सांगितलं तरी ही फिरत न्हाय.”

आत्याबाईंना इंग्रजी कळलं नाही, उरलेलं कळलं. पुढचा पाऊण तास त्या रुसून बसल्या. मी घरी आल्यावर डायरीत सिस्टरांच्या गुलाबावर काट मारली आणि ही साडी लिहिली.

शुक्रवारी मुलाखत झाली. मॅनेजरनं विचारलं, गिऱ्हाइकाला निर्णय घ्यायला कसं लावता? मैमुनानं उत्तर दिलं, “आय डोन्ट पुश. आय फोल्ड अदर सारीज. देन शी सेटल्स ऑन वन.” त्यानं तिच्यापुढं सहा शालू टाकले आणि करून दाखवा म्हणाला. तिनं दाखवलं. एक तारखेपासून या, सोमवारपर्यंत कळवा, असं ठरलं.

बातमी गावात तिच्याआधी पोचली. रविवारी माणिकप्पा किल्ली घेऊन तिच्या घरी गेले आणि आजपासून शालू तूच दाखव म्हणाले. मैमुना तशीच माझ्याकडं आली, किल्ली पदराच्या टोकाला बांधलेली. घरापासून चार पावलांवर रेशीम मिळत होतं. सोलापूर म्हणजे पहाटेची एसटी, थंडी, युसराची बारावी आणि सासऱ्यांच्या, बाबामियाँच्या, गोळ्यांच्या वेळा. बाबामियाँ म्हणाले होते, माझ्या गोळ्या मला मोजता येतात. ती बराच वेळ एकेक अडचण सांगत राहिली. मग ती गाठ सोडायला लागली.

“अप्पांनी ही किल्ली मला न्हाय दिली बाई,” ती म्हणाली. “सोलापूरवाल्यांना भिऊन दिली.”

किल्ली तिनं त्याच दिवशी दोन्ही हातांनी परत केली. माणिकप्पा दुसऱ्या दिवशी माझ्या दारात. “बाई, तुम्ही इंग्रजी शिकवलं न्हाय, माझं दुकान फोडलं,” म्हणाले. चहा मात्र घेतला. जाताना, ते घडी घालायचं कसं असतं तेवढं शिवपुत्रला दाखवायला सांगा, अशी विनंतीही करून गेले. शिवपुत्र म्हणजे त्यांचा मुलगा. मैमुनानं आठवडाभर त्याला शिकवलं. त्याला घडी जमली, ‘हीच घ्या’ न म्हणणं जमलं नाही.

एक जानेवारीला रात्री आठला मैमुनाचा फोन आला, एसटीतूनच. पहिल्याच बाईंनी बत्तीस शालू बघितले आणि संध्याकाळी मिस्टरांना घेऊन येते म्हणून गेल्या.

“आल्या का मग?” मी विचारलं.

“न्हाय आल्या,” मैमुना म्हणाली. “पण बाई, बत्तीस शालू.”