पीएम अंकल

"एनी कम्प्लेंट्स?" खुर्चीत बसण्याआधी ते आम्हा सगळ्यांशी हात मिळवत विचारायचे. आम्ही म्हणजे सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या डायलिसिस सेंटरमधली सकाळची पाळी. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनला जोडलेले. तक्रारींना काय तोटा? एसी फार गार, टीव्हीचा आवाज मोठा. ते गंभीरपणे ऐकायचे आणि नर्सच्या मागेच लागायचे. एसी सुसह्य झाला तो त्यांच्यामुळेच.

मला वाटलं, निवृत्त हेडमास्तर असतील. निम्मं बरोबर निघालं. पॅसिफिकमधल्या एका चिमुकल्या बेटांच्या देशात ते आधी मास्तर होते, मग पंतप्रधान झाले. आपल्याकडे माजी नगरसेवकसुद्धा चार माणसं मागे घेऊन फिरतो, तुम्हीही पाहिलं असेल. हे बिशानला मुलीच्या फ्लॅटवर राहायचे आणि एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, यायचे. नर्स त्यांना पीएम अंकल म्हणायची, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचं.

माझी खुर्ची शेजारची, त्यामुळे त्यांचं सगळं राजकारण माझ्या कानावर पडलं. देश एवढासा, की पंतप्रधानांच्या स्वयंपाकघरातला फोन ते स्वतःच उचलायचे. आंघोळीला गेले तरी खिडकीशी मतदार हजर. कुणी वारलं की पंतप्रधानांनी त्या घरी जाऊन बसायचं, ही तिथली रीत. "विरोधकांच्या घरी जरा जास्त वेळ बसायचो," ते डोळे मिचकावून सांगायचे.

एका घरी मात्र ते गेले नव्हते. हे त्यांनी बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. त्यांच्या कारकिर्दीत परदेशी मदत आली, पण एकाच कामापुरती. इस्पितळाला डायलिसिसची मशीनं घ्या, नाहीतर शाळेच्या मुलांची ने-आण करायला मोठी बोट. त्याच वर्षी होडी उलटून दोन मुलं बुडाली होती. यांनी बोटीवर सही केली. पुढे काही महिन्यांत एक कोळी किडन्या बंद पडून गेला. त्याच्या बायकोला तोंड दाखवायची यांची हिंमत झाली नाही. निवडणुकीत ती बाई दारोदार फिरली, आणि हे अगदी थोडक्या मतांनी पडले. मग काही वर्षांनी यांच्याच किडन्या गेल्या. मशीन नसलेल्या देशात राहता येईना, म्हणून सिंगापूर.

"तीच फाईल परत समोर आली तर?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

ते नळीतलं स्वतःचं रक्त बघत राहिले. "सही तीच करीन," ते म्हणाले. "पण त्या घरी जाईन."

गेल्या वर्षी त्यांनी मायदेशी परत जायचं ठरवलं. नर्स रडकुंडीला आली. "अंकल, देअर नो मशीन, हाऊ कॅन?" मीही भांडलो, चक्क आवाज चढवून. मशीनशिवाय माणूस फार तर आठ-दहा दिवस जगतो, हे आम्हा सगळ्यांना पाठ असतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि माझा हात हातात घेतला. त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला होता. आमच्या पुण्यात गल्लोगल्ली मशीनं असताना मी इथं नोकरीला चिकटून बसलो होतो, आणि हे मशीन सोडून घरी निघाले होते.

महिन्याभरानं त्यांची मुलगी सेंटरवर आली. तिनंच पुढचं सांगितलं. पोचल्या दिवशी, बॅगसुद्धा न उघडता, ते त्या घरी गेले. बाई दारात उभी. हेच आधी म्हणाले, "मला यायला फार उशीर झाला." बाई आत गेली आणि पाणी घेऊन आली.

"अर्धाच पेला," मुलगी म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

पाहुण्याला काठोकाठ भरून द्यायचं, ही तिथली पद्धत. पण किडन्या गेलेल्या आम्हा लोकांना पाणी मोजून प्यावं लागतं, जास्त झालं की जीव गुदमरतो. नवऱ्याचं करता करता बाई ते शिकली होती.

नवव्या दिवशी ते गेले. तोवर ती बाई रोज येऊन उशाशी बसायची आणि तेवढंच पाणी त्यांना आपल्या हातानं पाजायची.