मोरी नसलेलं घर

लग्नाआधी मस्कतच्या हॉस्पिटलात तीन वर्षं काढलेली मी आता इंग्लंडमध्ये लीड्सला आले. त्यामुळे परदेशात बस्तान कसं बसवायचं हे मला कुणी शिकवायला नको, अशी माझी समजूत होती. मस्कतला पहिला आठवडा नुसती रडले होते. मग तिथलं ऊन, दुपारभर बंद असणारी दुकानं, शुक्रवारची सुट्टी, सगळं अंगवळणी पडलं. लीड्सला रडायचं नाही, हे विमानातच ठरवलं. माझे वडील यवतमाळला जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. रडायला काही बी.एस्सी. नर्सिंग केलं नव्हतं.

काम एकच होतं. नवऱ्याला आणि चार वर्षांच्या लेकीला बोलावून घ्यायचं. व्हिसाच्या अर्जाला घरमालकाचं पत्र हवं होतं, की या फ्लॅटमध्ये तिघं राहू शकतात म्हणून. मालक पंजाबी, इथे मुरलेले. "सोमवारी देतो, बेटी," म्हणाले होते.

त्याआधीच्या शनिवारी मला ऑफ होता. लेक येणार त्या घराची बाथरूम लख्ख हवी, म्हणून मी ती धुवायला काढली. मस्कतला दर शुक्रवारी आम्ही मुली फरशीवर पाणी ओतायचो आणि रबरी वायपरनं जाळीकडे लोटायचो. माहेरी तर आईचा दिवस मोरी घासण्यापासूनच सुरू व्हायचा. इथे बादली मिळाली ती बागकामाच्या सामानात. साबणाचं पाणी केलं, तीन बादल्या ओतल्या, ब्रशनं खसाखसा घासलं आणि जाळी शोधायला लागले. जाळी नव्हती. पण टबाच्या कडेनं पाणी हळूहळू कमी होत होतं. म्हटलं, असेल तिथेच कुठेतरी. इंग्रज लोक दाखवत नाहीत, एवढंच.

दहा मिनिटांत दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे आजोबा, रिटायर्ड बस ड्रायव्हर, हातात भिजलेला टोस्ट.

"लव्ह, माझ्या किचनमध्ये पाऊस पडतोय." इथे कुणालाही 'लव्ह' म्हणूनच हाक मारतात.

धावत खाली गेले. छतावर परातीएवढा डाग आणि टेबलावर टपटप साबणाचं पाणी.

"वास मात्र छान आहे," ते म्हणाले. "पाइप फुटला असणार. जुनी घरं ही, दर हिवाळ्यात काही ना काही. मी मालकाला फोन केलाय."

मी वर येऊन नवऱ्याला फोन लावला.

"ते पाइप म्हणतात ना? मग पाइपच," तो म्हणाला. "पत्र हातात पडू दे, मग सांग काय ते."

"अहो, पाइपातून फेस येतो का?"

"तुला कुणी विचारलंय का? मग गप्प बस की!"

त्याचं चूक नव्हतं. मी इथे आल्यापासून सहा महिने लेकीची वेणी तोच घालत होता. पण वॉर्डात मला पहिल्याच आठवड्यात एक फॉर्म दाखवला होता. काही चुकलं तर जिच्या हातून चुकलं तिनंच तो भरायचा, कुणी विचारायच्या आत. आधीच्या नोकऱ्यांत चूक कबूल केली की फक्त बोलणी खायची. हा फॉर्म मला आवडला होता. वॉर्डात खरं आणि घरी पाइप, हे मला जमणार नव्हतं.

मालक आले, टबाशेजारी गुडघे टेकून पाइप चाचपायला लागले. मी म्हटलं, "अंकल, पाइप नाही. मी फरशी धुतली. तीन बादल्या."

ते गुडघ्यांवरून उठले. "इथे खाली लाकूड असतं. मोरी नसते. शिकलेली आहेस ना तू?"

हे लागलं मला.

"शिकलेली आहे म्हणूनच सांगतेय. छत मी रंगवून देते. पत्राचं तुम्ही ठरवा."

"आधी छत. मग पत्राचं बघू."

सोमवार गेला. छत वाळायला चार दिवस लागले. वडिलांबरोबर घराला चुना मारलेला होता, पण ती भिंत होती. इथे रंग डोळ्यात यायचा. आजोबा शिडी धरून सूचना द्यायचे, "डावीकडे राहिलं, लव्ह. नाही, तुझ्या डावीकडे." पहिला हात वाळला आणि डाग पिवळा होऊन परत वर आला. दुकानदारानं डागाचा वेगळा प्रायमर दिला. ड्यूटी संपवून पुन्हा शिडीवर चढले.

पुढच्या शुक्रवारी मालक आले. खुर्चीवर चढून छतावर बोट फिरवलं.

"माझ्या घरचंही छत करशील?"

"आधी पत्र. मग बघू."

आजोबा खो खो हसले. मालकांनी तिथेच, आजोबांच्या टेबलावर पत्र लिहिलं. मी उभ्या उभ्या वाचलं. तिघांऐवजी दोघं लिहिलं होतं.

"अंकल, तिघं."

त्यांनी खोडून वर तीन केलं.

"खाडाखोड चालायची नाही. नवीन लिहा."

"छत माझं भिजवलंस आणि वर मलाच शुद्धलेखन?" असं पुटपुटत त्यांनी दुसरा कागद घेतला. सही होईपर्यंत मी टेबलापाशीच उभी राहिले. मग पत्र नवऱ्याच्या नावाच्या पाकिटात घालून पोस्टाच्या रांगेत लागले. दुपारची ड्यूटी होती, बस चुकणार हे दिसत होतं. पाकीट खिडकीतून आत सरकवलं आणि हॉस्पिटलच्या रस्त्यानं चालायला लागले.